कुटुंबाच्या रकान्यात कोणाचे नाव?

भिलाईच्या टाउनशिपमध्ये माणसाचा पत्ता तीन आकड्यांत मावतो : सेक्टर, रस्ता आणि क्वार्टर. सोव्हिएत संघाशी २ फेब्रुवारी १९५५ रोजी झालेल्या करारातून येथे पोलाद कारखाना उभा राहिला. त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले आणि कारखान्याबरोबर एक नगरही आकाराला आले. राहते घर कारखान्याचे, सेक्टर नऊमधील मोठे रुग्णालय कारखान्याचे, मुलांच्या शाळा आणि मैत्रीबागेसारखे उद्यानही कारखान्याचेच. अशा नगरात प्रत्येक सोयीची वाट एका छापील रकान्यातून जाते. त्या रकान्यावर शब्द असतो 'कुटुंब'.

मराठी माणसाला हा मुलूख परका नाही. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांची सत्ता छत्तीसगडात पोहोचली आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा होईपर्यंत तिचे नाव या प्रदेशाशी जोडलेले राहिले. पुढे पोलादाने विदर्भातील कितीतरी कुटुंबांना हावडा-मुंबई लोहमार्गावरील या गावी आणले. त्यांची पुढली पिढी आज नागपूर, पुणे, बंगळूर आणि दिल्लीत विखुरली आहे. राजधानीच्या मंत्रालयांत फायलींवर टिपणी लिहिणाऱ्या मराठी अधिकाऱ्यांतही अशा टाउनशिपमध्ये वाढलेले काही जण भेटतात. पुढील मजकूर मुख्यतः त्यांना उद्देशून आहे.

या टाउनशिपमधील एका क्वार्टरची कल्पना करू. उदाहरण कल्पित आहे, त्याला लागू होणारे नियम मात्र खरे आहेत. क्वार्टर ज्याच्या नावावर आहे तो कर्मचारी चाळिशीचा, भंडारा जिल्ह्यातून आलेला, कागदोपत्री अविवाहित. गावी आईवडील आहेत आणि ते त्याच्यावर अवलंबून आहेत. गेली नऊ वर्षे त्याच्याबरोबर त्याचा जोडीदार राहतो. तो एका खासगी शाळेत शिकवतो. शेजाऱ्यांच्या लेखी हा 'मावसभाऊ'. दिवाळीला फराळाचे ताट दोघांसाठी एकच येते. बाजारहाट, आजारपण, गावाकडे पाठवायचे पैसे, सारे एकत्र. रात्रपाळीहून परतणाऱ्याचा चहा दुसरा आधीच टाकून ठेवतो. नऊ वर्षांचा हा संसारच आहे. पण त्याला संसार म्हणण्याची सोय नाही.

आता पाळीवर अपघात झाला असे समजा. रुग्णालयातील संमतीपत्रावर 'रुग्णाशी नाते' हा रकाना येतो आणि नऊ वर्षांचा सोबती 'मित्र' म्हणून बाजूला उभा राहतो. कर्मचारी दगावला, तर क्वार्टर रिकामे करण्याची नोटीस येते. तेथे काही काळ राहू देण्याची सवलत असते ती 'कुटुंबा'साठी. ग्रॅच्युइटीच्या अर्जावर त्याने जोडीदाराचे नाव लिहिले असेल, तर तेही टिकत नाही. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याच्या सहाव्या कलमात नियम स्पष्ट होता : कर्मचाऱ्याला कुटुंब असेल तर नामनिर्देशन कुटुंबीयांच्याच नावे करावे, कुटुंबाबाहेरील व्यक्तीच्या नावे केलेले नामनिर्देशन रद्दबातल. अवलंबून असलेले आईवडील हेही 'कुटुंब'च. भविष्य निर्वाह निधीच्या १९५२ च्या योजनेतील नियमही याच धर्तीचा. म्हणजे स्वतःच्या घामाचा पैसा कोणाला द्यावा, हे ठरविण्याची मुभाही या माणसाला नाही. मृत्युपत्र करून मालमत्ता देता येते. परंतु नामनिर्देशनाच्या या चौकटी मृत्युपत्राची वाट न पाहता आपले काम उरकतात.

समलिंगी विवाहाची चर्चा दिल्लीत धर्म, संस्कृती आणि मूलभूत हक्क या पातळीवर होते. भिलाईत तोच प्रश्न क्वार्टर, औषधपाणी आणि नामनिर्देशन या तीन कागदांवर येऊन थांबतो. विवाहाचा कायदा करणे संसदेच्या हाती आहे, हे खरे. पण या तीन कागदांवरील बराचसा मजकूर प्रशासन लिहिते आणि प्रशासनच तो बदलू शकते. हे भान दिल्लीतील वादात हरवले आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

'शहरी अभिजनां'चा प्रश्न?

सर्वोच्च न्यायालयात २०२३ च्या एप्रिलमध्ये विवाह समतेच्या याचिकांवर सुनावणी सुरू होण्याच्या सुमारास केंद्र सरकारने एक आक्षेप ठळकपणे मांडला होता. ही मागणी शहरी अभिजनांच्या दृष्टिकोनातून आलेली आहे, असा त्याचा आशय होता. हा आक्षेप ज्या प्रदेशाला सर्वांत कमी लागू पडतो, तो नेमका मध्य भारताचा हा पट्टा आहे.

छत्तीसगड मध्य प्रदेशाचा भाग असताना, १९८७ च्या अखेरीस मध्य प्रदेश पोलिसांतील दोन महिला शिपायांनी एकमेकींशी विवाह केला. दोघींना सेवेतून दूर करण्यात आले. त्या वेळी देशात समलिंगी हक्कांची चळवळ जवळपास नव्हतीच. 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक मुंबईत अशोक राव कवी यांनी १९९० मध्ये सुरू केले आणि 'हमसफर ट्रस्ट' १९९४ मध्ये स्थापन झाला. म्हणजे पोलीस बराकीतल्या त्या दोन स्त्रिया महानगरी चळवळीच्या आधीच्या होत्या. छत्तीसगड राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी अस्तित्वात आले आणि पाच महिन्यांच्या आतच सरगुजा जिल्ह्यातील अंबिकापूर येथे दोन परिचारिकांनी भटजींच्या साक्षीने विवाह केल्याचे वृत्त देशभर झळकले. पोलीस शिपाई आणि परिचारिका : दोन्ही घटनांतील स्त्रिया तुटपुंज्या पगाराच्या नोकरदार होत्या. अभिजनांच्या दिवाणखान्यांशी त्यांचा संबंध लावणे कठीण आहे.

मराठी मुलखातही चित्र निराळे नाही. यवतमाळसारख्या जिल्ह्याच्या गावी डिसेंबर २०१७ मध्ये एका मराठी तरुणाने आपल्या व्हिएतनामी जोडीदाराशी आप्तेष्टांच्या उपस्थितीत विवाह सोहळा केला. नागपुरात डिसेंबर २०२१ मध्ये दोन महिला डॉक्टरांनी नातलगांसमोर अंगठ्या घालून वाङ्निश्चय केला. यांपैकी कोणत्याही सोहळ्याची नोंद निबंधकाच्या वहीत होऊ शकली नाही. घराने मान्य केले, दप्तराने केले नाही, इतकाच त्याचा अर्थ.

छत्तीसगडात आणखी एक विरोधाभास ठळक दिसतो. तृतीयपंथीयांच्या बाबतीत या राज्याने देशाच्या पुढे पाऊल टाकले आहे. रायगडच्या मतदारांनी जानेवारी २०१५ मध्ये मधूबाई किन्नर यांना अपक्ष उमेदवार म्हणून महापौरपदी निवडून दिले. राज्य पोलीस दलात २०२१ मध्ये तेरा तृतीयपंथी उमेदवार शिपाई म्हणून निवडले गेले. रायपुरात मार्च २०१९ मध्ये पंधरा तृतीयपंथी वधूंचा सामूहिक विवाह सोहळा झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या निकालाने पुढे स्पष्ट केले, की तृतीयपंथी व्यक्ती स्त्री-पुरुष संबंधात असेल तर तिला प्रचलित कायद्यांखाली विवाहाचा हक्क आहे. जो समाज एवढे सामावून घेतो, तोच समाज शेजारच्या क्वार्टरमधील दोन पुरुषांच्या बाबतीत मात्र 'मावसभाऊ' या शब्दाच्या पलीकडे जात नाही. तृतीयपंथीयांना लोकपरंपरेत एक जागा आहे, मग ती उपेक्षेची का असेना. चारचौघांसारखे कपडे घालून पाळीवर जाणाऱ्या समलिंगी माणसाला तशी जागा कधीच नव्हती. तो दिसत नाही, म्हणून तो नाही असे समजले जाते.

टाउनशिपमधले एकटेपण

पोलादी नगराची वीण घट्ट असते. कोणाची कोणती पाळी, कोणाकडे पाहुणा आला, कोणाच्या मुलाचे लग्न का लांबले, हे रस्त्यातील प्रत्येकाला ठाऊक. वडील आणि मुलगा एकाच कारखान्यात नोकरीला असणे येथे नवलाचे नाही. ही वीण अडचणीत आधार देते आणि वेगळेपणावर पहाराही ठेवते. त्यामुळे येथील समलिंगी तरुणापुढे साधारणतः तीन मार्ग राहतात : मोठ्या शहरात निघून जाणे, घरच्यांच्या आग्रहाखातर लग्न करणे किंवा 'अविवाहित' म्हणून आयुष्य काढणे. दुसऱ्या मार्गाची किंमत मोजते ती एक परकी मुलगी, जिला या प्रकरणातले काहीच सांगितलेले नसते. विवाह समतेला विरोध करताना विवाहसंस्थेच्या पावित्र्याचा दाखला देणाऱ्यांनी अशा विवाहांचाही कधीतरी विचार करावयास हवा.

मध्यम आकाराच्या शहरांत समलिंगी पुरुषांना एकत्र बसण्यासाठी पहिले छप्पर बहुधा एड्स नियंत्रण कार्यक्रमाने दिले. राष्ट्रीय कार्यक्रमाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यांत जोखमीच्या गटांसाठी प्रकल्प निघाले. त्यांच्या केंद्रांवर रक्ततपासणीच्या निमित्ताने माणसे भेटू लागली. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने ही मोठी कामगिरी होती. पण तिचा एक परिणाम असा, की शासनाच्या दप्तरात समलिंगी माणसाची नोंद झाली ती केवळ संसर्गाच्या संदर्भात. घर, सोबत, म्हातारपण या गोष्टी त्याच्याही वाट्याला येतात, याची दखल घेणारा रकाना त्या प्रकल्पांत नव्हता. ती उणीव संस्थांनी आपापल्या परीने भरून काढली. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये 'समपथिक ट्रस्ट' सुरू केला, नागपुरात 'सारथी ट्रस्ट' काम करू लागला, रायपुरात 'मितवा' ही तृतीयपंथीयांची संस्था उभी राहिली. भिलाईहून रायपूर तासाभराच्या अंतरावर, तर नागपूर रेल्वेने चार-पाच तासांवर आहे. आपल्यासारखी आणखी माणसे आहेत हे कळण्यासाठी हा प्रवास करावा लागे. आता ते मोबाइलवर कळते. नाते उघडपणे सांगण्याची अडचण मात्र तेथेच आहे.

मराठी साहित्याला हा विषय नवा नाही. विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' १९८१ मध्ये रंगभूमीवर आले. सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्लू' ही कादंबरी २००६ ची. मराठी नाटकाने स्त्रीच्या समलिंगी प्रेमाला मंचावर आणले त्याला चार दशके उलटून गेली, आणि संसदेच्या पटलावर अजून एकही सरकारी विधेयक आलेले नाही, हे अंतर लक्षणीय आहे.

न्यायालय आणि संसद

न्यायालयीन वाटचाल थोडक्यात सांगावी लागेल. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी भारतीय दंड विधानाच्या ३७७ व्या कलमातून सज्ञानांचे संमतीचे संबंध वगळले. सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ रोजी तो निर्णय फिरविला आणि हा विषय संसदेचा असल्याचे म्हटले. पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी एकमताने ती चूक दुरुस्त केली. विवाहाच्या याचिकांवर मात्र १७ ऑक्टोबर २०२३ रोजी निराळा निकाल आला. विवाह करण्याचा मूलभूत हक्क नाही आणि विशेष विवाह कायदा, १९५४ मध्ये न्यायालय शब्दबदल करू शकत नाही, यावर पाचही न्यायमूर्तींचे एकमत झाले. नात्याला नागरी सहजीवन म्हणून मान्यता मिळावी काय, यावर मतभेद झाले. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्या. संजय किशन कौल यांनी अनुकूल मत दिले, न्या. रवींद्र भट, न्या. हिमा कोहली आणि न्या. पी. एस. नरसिंह यांचे मत प्रतिकूल पडले. तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने ही वाट बंद झाली. फेरविचार याचिकाही ९ जानेवारी २०२५ रोजी फेटाळल्या गेल्या.

न्यायालयाने चेंडू संसदेकडे टोलविला. संसदेने तो झेलला काय? संसदीय कामकाजाच्या नोंदी पाहिल्या, तर उत्तर निराशाजनक आहे. कलम ३७७ मधील दुरुस्तीसाठी शशी थरूर यांनी १८ डिसेंबर २०१५ रोजी लोकसभेत खासगी विधेयक मांडण्याची परवानगी मागितली, तेव्हा बाजूने २४ आणि विरोधात ७१ मते पडली. मार्च २०१६ मधील दुसरा प्रयत्न १४ विरुद्ध ५८ मतांनी फसला. विधेयक मांडण्याच्या परवानगीलाच विरोध करून मतदान घेणे ही संसदेतील विरळ घटना. येथे ती दोनदा घडली. ५४३ जणांच्या सभागृहात या विषयावर मत नोंदविण्यासाठी दोन्ही वेळा शंभर सदस्यही नव्हते, हेही नमूद करावयास हवे.

मराठी वाचकांना विशेष वाटावी अशी नोंद १ एप्रिल २०२२ ची आहे. त्या दिवशी सुप्रिया सुळे यांनी विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती सुचविणारे खासगी विधेयक लोकसभेत मांडले. पती-पत्नी या शब्दांच्या जागी लिंगनिरपेक्ष शब्द घालावा आणि दोन्ही पुरुष असल्यास २१, तर दोन्ही स्त्रिया असल्यास १८ हे वय ठरवावे, अशी त्याची रचना होती. खासगी विधेयकांचे भवितव्य दिल्लीत सर्वांना ठाऊक असते. आजवर अशी केवळ चौदा विधेयके कायद्यात रूपांतरित झाली, त्यांतले शेवटचे १९७० मध्ये. सतरावी लोकसभा २०२४ मध्ये विसर्जित झाली, तेव्हा हे विधेयकही व्यपगत झाले. दुसरीकडे, १९ डिसेंबर २०२२ रोजी राज्यसभेच्या शून्य प्रहरात सुशीलकुमार मोदी यांनी, अशा सामाजिक प्रश्नाचा निर्णय दोन न्यायाधीशांनी बसून करू नये, त्यावर संसदेत चर्चा व्हावी, अशी भूमिका मांडली होती. चर्चेची ती मागणी तत्त्वतः योग्यच होती. निकालाने संसदेचा अधिकार मान्य केला. त्यानंतर मात्र चर्चेचा आग्रह धरणारे बाके शांत झाले.

राज्यांचे चित्रही फारसे वेगळे नव्हते. केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये राज्यांची मते मागविली. सुनावणी संपत आली तेव्हा सात राज्यांची उत्तरे न्यायालयापुढे ठेवण्यात आली. राजस्थान, आंध्र प्रदेश आणि आसाम यांनी विरोध नोंदविला; महाराष्ट्र, उत्तर प्रदेश, मणिपूर आणि सिक्कीम यांनी अधिक विचारविनिमयासाठी वेळ मागितला. छत्तीसगड या सातांत नव्हते. जयपूर आणि गुवाहाटीत तेव्हा परस्परविरोधी पक्षांची सरकारे होती, तरी उत्तर एकच आले. या प्रश्नावर धाडसाची उणीव सर्वपक्षीय आहे, एवढे त्यावरून दिसते.

समितीचे अर्धे काम

सुनावणीदरम्यान ३ मे २०२३ रोजी सॉलिसिटर जनरल तुषार मेहता यांनी मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याची तयारी दाखविली होती. विवाहाच्या मान्यतेत न शिरता, समलिंगी जोडप्यांच्या व्यावहारिक अडचणी दूर करणे हा तिचा हेतू. निकालाने त्या आश्वासनाची नोंद घेतली. सरन्यायाधीशांनी आपल्या निकालपत्रात समितीने विचारात घ्यावयाच्या बाबींची यादी दिली; तीत शिधापत्रिका, संयुक्त बँक खाते, वैद्यकीय निर्णय आणि अंत्यसंस्काराचा हक्क यांच्याबरोबर ग्रॅच्युइटी आणि कुटुंब निवृत्तिवेतन हेही विषय होते. समिती एप्रिल २०२४ मध्ये अधिसूचित झाली.

त्यानंतर २०२४ च्या ऑगस्ट अखेरपर्यंत काही निर्णय झाले आणि सामाजिक न्याय मंत्रालयाने सप्टेंबरच्या आरंभी ते जाहीर केले. शिधापत्रिकेसाठी समलिंगी जोडीदारांना एकाच कुटुंबातील मानावे, असे राज्यांना कळविण्यात आले. संयुक्त बँक खाते उघडण्यास आणि जोडीदाराला नामनिर्देशित करण्यास प्रतिबंध नाही, असा खुलासा रिझर्व्ह बँक आणि अर्थ मंत्रालयाने केला. जवळचे नातलग उपलब्ध नसतील तर पार्थिव ताब्यात घेण्यास जोडीदाराला मुभा द्यावी, असे पत्र आरोग्य मंत्रालयाने राज्यांना पाठविले. हे निर्णय लहान वाटतील. ते तसे नाहीत. भारतीय शासनाने समलिंगी जोडप्याला एक घर म्हणून प्रथमच शब्दांत मान्य केले, आणि त्यासाठी संसदेत एकही मत पडावे लागले नाही.

शिधापत्रिकेचेच उदाहरण घ्यावे. अन्न सुरक्षा कायदा, २०१३ च्या तेराव्या कलमानुसार घरातील ज्येष्ठ सज्ञान स्त्री कुटुंबप्रमुख असते. अशी स्त्री नसेल तर ज्येष्ठ पुरुषाला प्रमुख मानता येते. दोन पुरुषांचे किंवा दोन स्त्रियांचे घर या तरतुदीत विनासायास बसते. अडतो तो केवळ 'प्रमुखाशी नाते' हा रकाना. भिलाई परिसरातील कंत्राटी कामगारांच्या दृष्टीने ही बाब क्षुल्लक नाही. ज्या कंत्राटी मजुरांच्या लढ्यासाठी शंकर गुहा नियोगी भिलाईत उभे राहिले आणि २८ सप्टेंबर १९९१ रोजी तेथेच ज्यांचा खून झाला, त्या मजुरांना क्वार्टर किंवा कायम नोकरीचे लाभ मिळत नाहीत. त्यांच्यासाठी शिधापत्रिका आणि बँक खाते हेच शासनाशी असलेले नाते. मात्र दिल्लीचे पत्र राज्याच्या खात्यात पोहोचणे आणि तालुक्याच्या खिडकीवरील लिपिकाने त्यानुसार नाव लिहून घेणे, यांमधला प्रवास किती लांबचा असतो, हे या पानाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही.

सप्टेंबर २०२४ च्या यादीत ग्रॅच्युइटी, भविष्य निर्वाह निधी आणि कुटुंब निवृत्तिवेतन यांचा समावेश नव्हता. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मधील कुटुंबाच्या व्याख्येत पती-पत्नी या स्वतंत्र शब्दांऐवजी दोघांनाही लागू पडणारा एकच शब्द आला, ही भाषेची प्रगती झाली. पण त्या शब्दाचा अर्थ विवाहाच्या कायद्यावर अवलंबून असल्याने भिलाईतील त्या क्वार्टरला तिचा उपयोग नाही. कुटुंब असो वा नसो, कर्मचाऱ्याला आपल्या पसंतीच्या व्यक्तीला निदान काही हिस्सा नामनिर्देशित करता यावा, एवढी साधी दुरुस्तीही पुरेशी ठरली असती. तिचा लाभ अविवाहित बहीण-भावंडांना, सांभाळ करणाऱ्या पुतण्याला किंवा भाचीलाही झाला असता.

जमशेदपूरचा धडा

कंपनीच्या अखत्यारीत काय होऊ शकते, याचे उत्तर दूर शोधण्याची गरज नाही. पोलादाचेच दुसरे नगर असलेल्या जमशेदपूरच्या टाटा स्टीलने डिसेंबर २०१९ मध्ये आपले मनुष्यबळ धोरण बदलले आणि समलिंगी कर्मचाऱ्यांच्या घोषित जोडीदारांना वैद्यकीय लाभ, घरवाटपातील संयुक्त गुण आणि दत्तक बालकासाठीच्या रजेसारख्या सवलती खुल्या केल्या. त्या वेळी देशात विवाह समतेची याचिका सर्वोच्च न्यायालयात दाखलही झालेली नव्हती. कायद्याचा एक शब्द न बदलता एका कंपनीने आपल्या रकान्याचा अर्थ विस्तृत केला, इतकेच. टाउनशिप तशीच आहे, भट्ट्या तशाच आहेत, पाळ्याही तशाच आहेत.

भिलाईचा कारखाना भारतीय पोलाद प्राधिकरणाचा, म्हणजे सार्वजनिक क्षेत्राचा. खासगी कंपनीला सोपे जाते ते सार्वजनिक उपक्रमाला कठीण जाते, असा युक्तिवाद होईल. लेखापरीक्षण, मंत्रालयाची मान्यता, कामगार संघटनांशी करार, या अडचणी खऱ्या आहेत. परंतु सार्वजनिक उपक्रम घटनेच्या बाराव्या अनुच्छेदाच्या अर्थाने 'राज्य' आहे. समतेचे बंधन त्याच्यावर खासगी कंपनीपेक्षा अधिक असावयास हवे, कमी नव्हे. सेवा नियमांचा अर्थ कसा लावावा याचे मार्गदर्शनही उपलब्ध आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये एका परिचारिकेच्या प्रसूती रजेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की कुटुंब अविवाहित सहजीवनाचे किंवा समलिंगी नात्याचेही रूप घेऊ शकते, आणि अशा वेगळ्या रचनेच्या कुटुंबांनाही कायद्याचे संरक्षण मिळावयास हवे. मद्रास उच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये विवाह हा कुटुंब उभारण्याचा एकमेव मार्ग नाही, असे नोंदविले. मुंबई उच्च न्यायालयात २०२५ मध्ये एका समलिंगी जोडप्याने भेटवस्तूंवरील प्राप्तिकराचा मुद्दा नेला : पती-पत्नींनी एकमेकांना दिलेली भेट करमुक्त, मग आमची का नाही? हेही प्रकरण अखेर रकान्याचेच.

आक्षेपांचाही विचार व्हावा

या विषयावर विरोधी मत बाळगणारे सारेच द्वेषाने बोलतात, असे मानणे अन्यायाचे होईल. एक प्रामाणिक शंका गैरवापराची आहे : कोणीही दोघे मित्र जोडीदार म्हणवून घेतील आणि क्वार्टर बळकावतील. तिचे उत्तर प्रशासनाला माहीत आहे. प्रतिज्ञापत्र, एकत्र वास्तव्याचा किमान काळ, संयुक्त खाते, खोट्या माहितीस शिक्षा, या अटी इतर लाभांनाही लागू असतात. दुसरी शंका अशी, की मागील दाराने विवाहालाच मान्यता दिली जाईल. पण न्यायालयाने विवाह संसदेवर सोपविला तो समितीचे आश्वासन ऐकूनच. समितीचे काम अर्धे ठेवायचे आणि विवाहही द्यायचा नाही, अशी दुहेरी नकारघंटा त्या निकालाला अभिप्रेत नव्हती.

तिसरा आक्षेप संस्कृतीचा आहे. शेजारच्या नेपाळमध्ये न्यायालयाच्या अंतरिम आदेशानंतर नोव्हेंबर २०२३ मध्ये लमजुंग जिल्ह्यातील एका गावपालिकेने अशा विवाहाची पहिली नोंद केली. तैवानने २०१९ मध्ये कायदा केला. थायलंडचा कायदा २३ जानेवारी २०२५ पासून अमलात आला. हे सारे आशियाई समाज आहेत, कुटुंबाला आपल्याइतकेच मानणारे. भारतातही फौजदारी कायद्याने आपली वाट बदलली आहे : १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ३७७ वे कलमच राहिले नाही. शिक्षेचा रकाना संसदेने मिटविला. कुटुंबाचा रकाना उघडणे बाकी आहे.

तोवर भिलाईतील त्या कल्पित क्वार्टरचे काय? तेथे रात्रपाळीहून एक जण परतेल, दुसऱ्याने चहा टाकलेला असेल, आणि कपाटातील फायलीत 'अविवाहित' असे लिहिलेला अर्ज तसाच पडून राहील. विवाहाचा कायदा होईल तेव्हा होईल. त्याला राजकीय बहुमत लागते आणि ते जमवायला काळ लागतो. क्वार्टरच्या नियमावलीतील एक पोटकलम, वैद्यकीय कार्डावरील एक ओळ आणि नामनिर्देशनाच्या अर्जावरील एक पर्याय, यांसाठी लागते ती टिपणी, मंजुरी आणि सही. ही तिन्ही कामे ज्या टेबलांवर होतात, तेथे हा मजकूर वाचणारे काही मराठी अधिकारीही बसतात.